लॅब्राडोरचा कलेक्टर कोण?

गारगोटीच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे. एम. ए. भूगोलाचं दुसरं वर्ष, सेमिनारचा विषय ‘विरळ वस्तीचा दुर्गम किनारी प्रदेश’, आणि तिने निवडला कॅनडाचा लॅब्राडोर. प्रश्न थोडक्यात असा : “लॅब्राडोर जवळजवळ महाराष्ट्राएवढा आहे आणि तिथे सत्तावीस हजार माणसंही नाहीत. त्याचा कारभार कोण बघतं? जिल्हे-तालुके कुठे सापडत नाहीत. एका नकाशात तो न्यू फाउंडलंडला जोडलाय, दुसऱ्यात किनाऱ्यावर नुनात्सियावुत नावाचं वेगळंच सरकार दाखवलंय, आणि क्वेबेकच्या नकाशात तर सीमेवर शेरा मारलाय. सर, एवढा मोठा असून तो स्वतंत्र प्रांत का नाही?”

विषय चांगला निवडलात. आपल्याकडे लॅब्राडोर म्हटलं की आधी कुत्रा आठवतो (तोही मूळचा शेजारच्या न्यू फाउंडलंड बेटाचा), आणि मग शाळेतलं एक वाक्य : लॅब्राडोरचा थंड प्रवाह आणि गल्फचा उष्ण प्रवाह न्यू फाउंडलंडजवळ भेटतात, म्हणून तिथे धुकं पडतं आणि मासे भरपूर मिळतात. एकतीस वर्षं कोल्हापुरात भूगोल शिकवताना हे वाक्य मीही शेकडो वेळा फळ्यावर लिहिलं. त्या प्रवाहाच्या पाठीमागे जमीन आहे आणि तिच्यावर माणसं राहतात, हे मला फार उशिरा सुचलं.

तुमची अडचण लोकसंख्येची नाही. तुम्ही आपली शिडी खांद्यावर घेऊन तिकडे गेलात : जिल्हाधिकारी, प्रांताधिकारी, तहसीलदार, मंडल अधिकारी, तलाठी. ही शिडी उभी राहिली जमीन महसुलासाठी. जिथे जमीन कसतात, मोजतात, तिचा सातबारा निघतो, तिथे पायरीपायरीवर माणूस बसवणं सरकारला परवडतं. लॅब्राडोरमध्ये सारा घ्यायला शेतच नव्हतं. तिथलं पीक समुद्रात होतं. ते काढायला न्यू फाउंडलंडची माणसं दर उन्हाळ्यात गलबतांनी यायची आणि थंडी पडायच्या आत घरी परतायची. बारा महिने राहणारे म्हणजे इनुइट आणि इन्नू हे तिथले आदिवासी, आणि नंतर थोडे गोरे कोळी. अशा ठिकाणी कलेक्टर कचेरी कशी निघणार?

पहिलं काम म्हणून ट्रेसिंग पेपर काढा. वर्गात माझी ही ठरलेली कृती असे. महाराष्ट्राची बाह्यरेषा एका प्रमाणात काढायची आणि त्याच प्रमाणातल्या लॅब्राडोरवर ठेवायची. आपले ३,०७,७१३ चौरस किलोमीटर, त्यांचे सुमारे २,९४,०००. आता माणसं भरा. २०२१ च्या कॅनडाच्या जनगणनेत लॅब्राडोरची लोकसंख्या साडेसव्वीस हजारांच्या थोडी वर होती. आपल्या कागल शहरातही याहून जास्त माणसं राहतात. कोल्हापूर जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे एका चौरस किलोमीटरला ५०४ माणसं; तिकडे एका माणसाला अकरा चौरस किलोमीटर.

पण सरासरीवर थांबू नका. मी बरीच वर्षं थांबलो होतो. भिंतीवरच्या नकाशात लॅब्राडोरचा किनारा निळ्या पट्ट्याने रंगवून ‘मासेमारीचा प्रदेश’ असं लिहून मोकळा व्हायचो. एकदा मागच्या बाकावरच्या पोराने विचारलं, “सर, हे लॅब्राडोर सिटी गाव आतमध्ये क्वेबेकच्या हद्दीला चिकटलंय. त्याला समुद्र कुठाय?” मी गप्प. घरी जाऊन ॲटलास उघडला तेव्हा कळलं की या ‘किनारी’ प्रदेशातली निम्म्याहून जास्त माणसं खुल्या समुद्रकिनाऱ्यावर राहतच नाहीत. लॅब्राडोर सिटी आणि वाबुश ही जोडगावं लोखंडाच्या खाणींवर वसली, तिथे नऊ हजारांवर माणसं. हॅपी व्हॅली–गूज बे येथे आठ हजार. हे गाव लेक मेल्व्हिल नावाच्या लांबलचक खाडीच्या टोकाशी, खुल्या समुद्रापासून खूप आत, दुसऱ्या महायुद्धात बांधलेल्या विमानतळामुळे वाढलेलं. राहिलेल्या नऊएक हजारांत अख्खा किनारा आला, आणि तोही शेकडो किलोमीटरवर शिंपडलेला. उत्तरेचं शेवटचं गाव नेन, तिथे हजाराच्या आसपास लोक. त्याच्या वर तोरंगात पर्वत, आज राष्ट्रीय उद्यान. गाव एकही नाही.

अक्षांश बघितले तर हा प्रदेश काही ध्रुवावर नाही. गूज बे साधारण डब्लिनच्या अक्षांशावर येतं. आयर्लंडला उष्ण प्रवाहाची ऊब मिळते आणि लॅब्राडोरच्या वाट्याला येतो आर्क्टिककडून हिमनग घेऊन येणारा थंड प्रवाह. म्हणून तिकडे हिरवी कुरणं आणि इकडे सहा-सात महिने गोठलेला समुद्र. तुमच्या शालेय वाक्यातल्या त्या प्रवाहाचा कारभाराशी संबंध आहे तो इथे. माशांची गोष्ट मी नंतर केली असती, पण १९९२ च्या जुलैत कॅनडा सरकारने कॉड मासेमारीवर बंदी घातली आणि किनाऱ्यावरच्या कित्येक गावांचा पोटापाण्याचा आधारच गेला, एवढं लक्षात असू द्या.

आता तुमच्या प्रश्नातला सगळ्यात रसाळ भाग : शेजारच्या क्वेबेक प्रांताच्या नकाशावरचा शेरा.

१७६३ मध्ये ब्रिटिशांनी लॅब्राडोरचा किनारा न्यू फाउंडलंडच्या गव्हर्नरकडे दिला, कारण मासेमारीवर नजर ठेवायला तोच जवळचा. १७७४ मध्ये तो क्वेबेकला जोडला, १८०९ मध्ये पुन्हा न्यू फाउंडलंडला. या सगळ्या कागदांत शब्द एकच, ‘किनारा’. किनारा म्हणजे समुद्रापासून आत किती, हे कुणी लिहिलंच नाही. लिहायची गरजही वाटली नव्हती. मासा वाळवायला जेवढी खडकाळ जागा लागते तेवढीच वापरात होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आतल्या एका नदीकाठी लाकूडतोडीचा परवाना न्यू फाउंडलंडने दिला, क्वेबेकने हरकत घेतली, आणि भांडण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. टिळकांचं ताई महाराज प्रकरण १९१५ मध्ये जिथे निकाली निघालं तेच हे कोर्ट. न्यू फाउंडलंड तेव्हा कॅनडात नव्हता, म्हणून वादी-प्रतिवादी कॅनडा आणि न्यू फाउंडलंड.

कॅनडाचं म्हणणं : किनारा म्हणजे भरतीच्या रेषेपासून एक मैलाची पट्टी. न्यू फाउंडलंडचं म्हणणं : त्या किनाऱ्याला मिळणाऱ्या नद्या जिथून निघतात तिथपर्यंत सगळा किनारा. १९२७ मध्ये निकाल न्यू फाउंडलंडच्या बाजूने लागला.

हा निकाल समजावून सांगायला मी मुलांना गगनबावड्याला नेत असे. घाटमाथ्यावर उभं राहायचं. पावसाचा थेंब एका बाजूला पडला तर कोकणात उतरून अरबी समुद्राला जातो, दुसऱ्या बाजूला पडला तर कुंभी, पंचगंगा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला. मग विचारायचं, ‘मालवणचा किनारा’ असं कुणी कागदावर लिहून दिलं तर त्यात काय काय आलं? कॅनडाच्या हिशेबाने माडाच्या बागा आणि मासळीचे खटारे, बस्स. न्यू फाउंडलंडच्या हिशेबाने कणकवली, वैभववाडी, करूळचा घाट आणि गगनबावड्याच्या वेशीपर्यंतचा उतार. पोरांना लगेच समजायचं. (करवीरकरांनी १८१२ च्या तहात मालवण इंग्रजांना दिलं, तेव्हा सुदैवाने कुणी अशी व्याख्या विचारली नाही.)

एक फरक मात्र सांगायलाच हवा, नाहीतर माझी उपमा दिशाभूल करेल. आपला जलविभाजक डोळ्यांनी दिसतो. सह्याद्रीची भिंतच ती. लॅब्राडोरचं पठार म्हणजे हिमनद्यांनी घासलेला जुनाट खडक, वर हजारो तळी आणि दलदल. पाणी कुठल्या बाजूला वाहतं हे तिथे उभं राहूनही पटकन कळणार नाही. न्यायाधीशांनी लंडनमध्ये बसून अशी रेषा मान्य केली जी तेव्हा जमिनीवर कुणी पुरती चालून पाहिलेली नव्हती. क्वेबेकने ती मनापासून कधीच स्वीकारली नाही, म्हणून त्यांच्या सरकारी नकाशांवर ‘१९२७ ची रेषा’ असा शेरा अजून असतो. व्यवहारात सीमा तीच चालते.

आणि या एका शब्दाच्या अर्थात किती माल होता बघा. ज्या आतल्या प्रदेशाकडे एके काळी कुणी बघतही नव्हतं तिथे नंतर लोखंडाचा मोठा साठा खणला गेला. चर्चिल नदीवर ५,४२८ मेगावॉटचं जलविद्युत केंद्र उभं राहिलं. आपलं कोयना सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॉट, म्हणजे अडीच पटींहून मोठं. पण सीमा मिळाली तरी वाट मिळाली नाही. लॅब्राडोर सिटीचं लोखंड रेल्वेने दक्षिणेला क्वेबेकमधल्या सेत-ईल बंदराला जातं. चर्चिल फॉल्सची वीज बाहेर काढायची तर तेव्हा तारा क्वेबेकमधूनच न्याव्या लागणार होत्या. म्हणून १९६९ च्या करारात क्वेबेकच्या वीज कंपनीने ती वीज नाममात्र दराने, थेट २०४१ पर्यंत बांधून घेतली. पुढे तेलाच्या किमती भडकल्या, विजेचे दर चढले, पण करार तसाच. न्यू फाउंडलंडने कोर्टकचेऱ्या केल्या, हाती काही लागलं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये तो करार बदलण्यासाठी दोन्ही प्रांतांनी सामंजस्य करार जाहीर केला. सेमिनारमध्ये हा भाग नक्की घ्या.

आता कारभार. थोडक्यात सांगतो, मग जिथे गुंता आहे तिथे थांबतो.

न्यू फाउंडलंड ३१ मार्च १९४९ रोजी कॅनडात सामील झाला आणि लॅब्राडोर त्याच्याबरोबर आला. प्रांताचं नाव ‘न्यू फाउंडलंड अँड लॅब्राडोर’ असं घटनादुरुस्ती करून झालं ते २००१ मध्ये. क्षेत्रफळाने प्रांताचा पाऊण भाग लॅब्राडोर, आणि नावात जागा मिळायला बावन्न वर्षं! राजधानी सेंट जॉन्स, बेटाच्या पूर्व टोकाला. तिथून नेन सरळ रेषेत हजार किलोमीटरहून लांब. मधली जिल्ह्याची पायरी नाहीच. लोकसंख्येच्या तक्त्यांत तुम्हाला ‘विभाग १०’ आणि ‘विभाग ११’ असं सापडेल. ते फक्त आकडेवारीसाठी आहेत, तिथे ना कचेरी ना अधिकारी. गाव असेल तर त्याची नगरपालिका, आणि तिच्यावर थेट प्रांत. गावांच्या बाहेरच्या मोकळ्या जमिनीवर स्थानिक संस्था नाही, ती प्रांताची. रस्ते, शाळा, दवाखाने, खाणी प्रांताकडे. समुद्रातले मासे, टपाल, संरक्षण केंद्राकडे, म्हणजे ओटावाकडे. पोलिससुद्धा वाटून घेतलेले : खाणींच्या पश्चिम भागात आणि चर्चिल फॉल्सला प्रांताचं दल, बाकीकडे केंद्राचं.

गुंता आहे तो उत्तर किनाऱ्यावर. नुनात्सियावुत, म्हणजे इनुइट भाषेत ‘आमची सुंदर भूमी’. इनुइट, प्रांत आणि केंद्र यांच्यात २००५ च्या जानेवारीत नेनमध्ये करार झाला, १ डिसेंबर २००५ पासून तो लागू. करारात आलेला भूभाग ७२,५२० चौरस किलोमीटर, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याच्या नऊ पटींहून जास्त. त्यातला सुमारे १५,८०० चौरस किलोमीटर इनुइटांच्या पूर्ण मालकीचा. शिवाय ४८,६९० चौरस किलोमीटर समुद्र. गावं पाचच : नेन, होपडेल, पोस्टव्हिल, माकोविक, रिगोलेट. पाचांत मिळून अडीच हजारांच्या आसपास लोक. कार्यालयं नेनला, विधानसभा होपडेलला. गावात आपल्या सरपंचासारखा निवडून आलेला प्रमुख असतो, आणि तो या विधानसभेचाही सदस्य असतो. ही कल्पना मला फार आवडते.

तुम्ही याला ‘वेगळं सरकार’ म्हणालात. अर्धं बरोबर. हा कॅनडाचा नवा प्रांत नाही आणि नुनावुतसारखा केंद्राधीन प्रदेशही नाही. तो प्रांताच्या पोटातला स्वशासित प्रदेश आहे. आणि इथे एक गोष्ट अशी आहे जी आपल्या नकाशावाचनाला धक्का देते. या सरकारचा मतदार हद्दीत राहायलाच हवा असं नाही. गूज बेच्या बाजूला राहणाऱ्या इनुइटांसाठी मतदारसंघ आहे आणि कॅनडात इतरत्र पांगलेल्यांसाठीही आहे. मुंबईतल्या गिरणगावात राहून गावच्या कारभारात लक्ष घालणारा आपला चाकरमानी आठवा; त्याला गावच्या निवडणुकीत कायद्याने मत द्यायचं ठरवलं, तर जवळपास असं होईल.

इन्नू लोक वेगळे. नावं सारखी वाटतात म्हणून विद्यार्थी हमखास गफलत करतात. इनुइट किनाऱ्याचे, सील आणि मासा. इन्नू आतल्या जंगलाचे, कॅरिबू हरणाच्या मागे फिरणारे. त्यांच्या दोन वस्त्या, शेशात्शिऊ आणि नातुआशिश, केंद्राच्या कायद्याखाली राखीव आहेत. म्हणजे एकाच किनाऱ्यावर शेजारच्या दोन गावांचे वरिष्ठ वेगवेगळ्या राजधान्यांत बसतात. तुम्हाला नकाशे जुळत नव्हते ते यामुळे. तिथली सत्ता जागेप्रमाणे कमी आणि विषयाप्रमाणे व माणसाप्रमाणे जास्त वाटली गेली आहे.

इतकं झाल्यावर मी माझ्या अनुभवाकडे येतो, कारण विरळ वस्तीचा कारभार मला पुस्तकातून कमी आणि निवडणूक ड्युटीतून जास्त कळला. एका विधानसभा निवडणुकीत मला डोंगरातल्या धनगरवाड्याचं केंद्र आलं, केंद्राध्यक्ष म्हणून. जीप जिथे थांबली तिथून दोन तासांचा चढ, यंत्रं आळीपाळीने खांद्यावर. यादीत शंभर नावंही नव्हती. आम्ही पाच कर्मचारी आणि एक पोलीस. उतरताना सोबतचा क्लार्क वैतागला, “सर, एका मताला किती खर्च आला हो?” प्रश्न वरवर बरोबर वाटतो. पण मतदाराला दोन किलोमीटरपेक्षा जास्त चालायला लागू नये असा आयोगाचा दंडक आहे, आणि त्या दंडकात डोकी मोजलेली नाहीत, पावलं मोजली आहेत.

आता उलटा निकष लावून बघा. आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्र सपाटीला तीस हजारांमागे एक, डोंगरी भागात वीस हजारांमागे एक. या मापाने अख्ख्या लॅब्राडोरला एक केंद्र मिळेल. एक! महाराष्ट्राएवढ्या प्रदेशाला. म्हणून तिथे माप बदलावं लागतं. छोट्या गावात दवाखाना परिचारिका चालवतात, डॉक्टर विमानाने येऊन जातो, अवघड रोगी विमानाने गूज बेला किंवा सेंट जॉन्सला. न्यायाधीशही गूज बेहून विमानाने गावोगाव फिरतात. हवा बिघडली की तारीख पुढे. प्रतिनिधित्वातही तेच. प्रांताच्या विधानसभेत ४० जागा. लोकसंख्येप्रमाणे लॅब्राडोरला दोन यायला हव्यात, पण आहेत चार. २०१५ मध्ये सभागृह ४८ वरून ४० वर आणलं तेव्हाही या चार तशाच ठेवल्या. याला कुणी अन्याय म्हणेल. मी म्हणत नाही; आमदाराला गावात पोहोचता आलं पाहिजे. आणि इतिहासही बघा, किनाऱ्यावरच्या लोकांना मतदानाचा हक्क पहिल्यांदा बजावता आला तो १९४६ मध्ये.

दुसरं माप ऋतूचं. आपल्या घाटाखाली आणि घाटावरच्या वाड्यांत आगोटीची बेगमी करतात, तशी तिथे बर्फापूर्वीची बेगमी. नुनात्सियावुतच्या पाच गावांना रस्ता नाही. उन्हाळ्यात गूज बेहून मालवाहू-प्रवासी जहाज जातं. समुद्र गोठला की बंद. मग छोटी ट्विन ऑटर विमानं आणि बर्फावरून स्नोमोबाइल. २०१९ च्या पुरात शिरोलीला महामार्ग बुडाला आणि कोल्हापुरात पेट्रोल-दुधाला रांगा लागल्या, ते दिवस आठवा. तिथे असा काळ दरवर्षी ठरलेला आहे, म्हणून त्याची तयारीही ठरलेली आहे. दक्षिण आणि मध्य भाग मात्र आता रस्त्याने जोडलाय. ट्रान्स-लॅब्राडोर महामार्गाचा गूज बेकडून दक्षिण किनाऱ्याला जाणारा दुवा २००९ मध्ये पूर्ण झाला.

मजा अशी की गोठलेला समुद्र हा अडथळा असतो बेटावरच्या सेंट जॉन्सला. नेनच्या माणसाला तोच महामार्ग. शिकार, लाकूडफाटा, शेजारच्या गावचं लग्न, सगळं बर्फावरून. नेनच्या दक्षिणेला व्हॉइझीज बेला निकेलची खाण २००५ मध्ये सुरू झाली आणि तिचं बर्फफोडं जहाज हिवाळ्यातही येऊ लागलं, तेव्हा प्रश्न उभा राहिला : हे जहाज आमचा रस्ता उखडणार. मग करार झाला. बर्फ धरू लागतं त्या काळात आणि वसंतात काही आठवडे जहाज थांबतं, आणि जहाजाने चिरलेल्या वाटेवरून पलीकडे जायला तरंगते पूल टाकतात. रस्ते विकास महामंडळाला समुद्रावरचा रस्ता सांभाळायला सांगितल्यासारखंच हे. पण किनाऱ्याचा कारभार स्थानिकांच्या हातात असणं म्हणजे काय, याला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

उलट उदाहरण हेब्रनचं. उत्तरेला हेब्रन नावाची जुनी वस्ती होती. मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या मिशनऱ्यांनी १७७१ मध्ये नेनला पहिलं ठाणं केलं, १८३० च्या सुमारास हेब्रनला. चर्च, शाळा, दुकान सगळं तेच. दीडशे वर्षं खरं ‘प्रशासन’ तेच होतं म्हणा ना. १९१८ मध्ये मिशनच्याच जहाजातून इन्फ्लुएंझा आला. ओकाक गावातल्या २६३ पैकी २०४ माणसं गेली आणि गावच उठलं. पुढे प्रांत आला आणि वरच्या अधिकाऱ्यांना वाटलं, एवढ्या दूर शाळा-दवाखाना-दुकान चालवणं झेपत नाही. माणसंच खाली आणू. १९५६ ला नुताक, १९५९ ला हेब्रन बंद केलं. घोषणा केली चर्चमध्ये, जिथे लोक उलट बोलत नसत. विस्थापितांना दक्षिणेच्या गावांत ना नीट घरं मिळाली ना ओळखीची शिकारीची जागा. प्रांताने जाहीर माफी मागितली २००५ मध्ये. आपल्या धरणग्रस्तांच्या वसाहतींत सर्व्हेला गेला असाल तर मला जास्त सांगायला नको. ‘तुम्ही लांब राहता’ हे वाक्य कोण कुठे बसून म्हणतो, यावर सगळं ठरतं.

शेवटचा प्रश्न, स्वतंत्र प्रांत का नाही. याचं उत्तर कुणाला विचारता त्यावर बदलतं. कायद्याचं उत्तर सोपं : आपल्याकडे घटनेच्या अनुच्छेद ३ प्रमाणे संसद साध्या बहुमताने नवं राज्य करू शकते, संबंधित राज्याचं फक्त मत घ्यायचं. कॅनडात १९८२ च्या घटनेप्रमाणे नव्या प्रांताला मिळून निम्मी तरी लोकसंख्या असलेल्या सात प्रांतांची संमती लागते. पैशाचं उत्तर दुहेरी आहे. खाणी आणि पाणी यांच्या जोरावर लॅब्राडोर कागदावर श्रीमंत. पण ते उत्पन्न निकेल-लोखंडाच्या भावाबरोबर वरखाली होणार आणि सत्तावीस हजार लोकांना त्यातून रस्ते, विमानं, रुग्णालयं सगळं एकट्याने चालवावं लागणार. मनाचं उत्तर तिसरंच. लॅब्राडोरवासियांनी १९७४ मध्ये स्वतःचा झेंडा केला, पांढरा बर्फ, हिरवी जमीन, निळं पाणी आणि स्प्रूसची डहाळी. तो घरोघरी दिसतो. तरीही इनुइट, इन्नू, खाणकामगार आणि दक्षिणेचे कोळी या चौघांना सेंट जॉन्सबद्दल तक्रार एक असली तरी हवं असलेलं घर एक नाही. माझं मत विचाराल तर वेगळा प्रांत होण्याची शक्यता कमी, नुनात्सियावुतसारखे करार वाढण्याची जास्त.

सेमिनारसाठी एक सुचवतो. एकच नकाशा काढू नका. एक जुलैचा काढा, जहाजाचा मार्ग आणि महामार्ग दाखवून. दुसरा फेब्रुवारीचा, त्यात जहाज पुसा आणि समुद्रावर स्नोमोबाइलच्या वाटा काढा. तिसऱ्या ट्रेसिंगवर विषयवार सत्ता रंगवा : मासे एका रंगात, खाणी दुसऱ्या, इनुइट जमीन तिसऱ्या. तीनही कागद एकावर एक ठेवून दाखवा. घड्याळही घाला. न्यू फाउंडलंडचं घड्याळ आपल्यासारखंच अर्ध्या तासाचं, ग्रीनिचच्या साडेतीन तास मागे. लॅब्राडोरचा आग्नेय किनारा ते लावतो आणि बाकीचा लॅब्राडोर अर्धा तास आणखी मागे असतो.

आणि परीक्षकांनी विचारलंच की बेटावरून लॅब्राडोरला गाडी घेऊन कसं जायचं, तर नकाशावर बोट ठेवून दाखवा : सेंट बार्बहून फेरीबोट, बेल आइलची सामुद्रधुनी ओलांडायची आणि उतरायचं ब्लाँ-साब्लाँला. ते गाव क्वेबेकमध्ये आहे. लॅब्राडोर तिथून थोड्या अंतरावर, रस्त्याने.